लूकमध्ये शिवलेली सोळा पानं

२ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरे,

फोनवर तू ‘हो मावशी, बरं मावशी’ म्हणतेस आणि तेवढ्यात तुला कोणीतरी हाक मारतं. म्हणून हा कागद. नीट बसून वाच, चालता चालता नको.

काल आमचे नवे पाळक माझ्या रविवारच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी मुलांना चिमण्यांची गोष्ट सांगत होते. तीच, तुला ताप आला की तू मागायचीस ती. येशू पाच वर्षांचा आहे, ओढ्याकाठी ओल्या मातीच्या बारा चिमण्या करतो. लोक रागावतात, की आज विश्रांतीचा दिवस आणि हा काम करतोय. तो टाळ्या वाजवतो आणि चिमण्या भुर्रकन उडून जातात. मुलं खूश. वर्ग सुटल्यावर पाळकांनी अगदी साधेपणाने विचारलं, “बाई, ही कोणत्या अध्यायात येते? मला आठवेना.”

मलाही आठवेना. एकतीस वर्षं सांगतेय आणि आठवेना. काल दुपारपासून मत्तय, मार्क, लूक, योहान चारही दोनदा चाळले. नाही. मला ती आईने, म्हणजे तुझ्या आजीने सांगितली होती. आईने सांगितलेलं शास्त्रातच असणार असं धरून चालले, कधी तपासलंच नाही.

माणूस वाईट नाही. पण त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रात नाही ते शास्त्राच्या नावावर मुलांना शिकवलं जात असेल, तर वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा. एक मार्चला मंडळीच्या पंचांची सभा आहे. तिथे मला अध्याय आणि वचन दाखवायचंय. शाळेतून निवृत्त झाले, गुडघे गेले, तुझी आई गेली, तू उंडारायला गेलीस. माझ्याकडे तो एक वर्ग उरलाय.

तू अजून त्या वाचनालयाच्या बाइंडिंगखान्यात आहेस ना? की तेही सोडलंस? असलीस तर तिथल्या कोणाला तरी विचार. तू स्वतः शोधू नकोस, जाणत्या माणसाला विचार.

तुझी मावशी

११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सोडलं नाही. दोन महिने चार दिवस झाले, माझ्या मानाने हा विक्रम आहे. हॉटेलात पाच आठवडे, नर्सरीत सहा (झाडांच्या, मुलांच्या नाही). इथे टिकले कारण बाइंडिंगचे आमचे उस्ताद बोलू देतात. म्हणजे बोलू देत नाहीत, पण बोलले म्हणून हाकलत नाहीत. “हात चालू दे, तोंडाचं नंतर बघू,” म्हणतात. खोलीही बरी आहे. खिडकीतून समोरचा शिंपी दिसतो. तो रोज एकच कोट उसवून परत शिवतो, गिऱ्हाईक जाड-बारीक होत असावं. हां, तुझं काम.

मावशी, सापडली.

आणि कोणाला विचारावंही लागलं नाही. गेल्या आठवड्यात मी चार शुभवर्तमानांचं एक जुनं पुस्तक शिवलं. जाड कागद, मोठी अक्षरं, कसरीने वरच्या कडा खाल्लेल्या. उस्तादांनी त्या कडा कापून टाकल्या, त्यामुळे पानांचे आकडे गेले, आकडा मागू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा ते पुस्तक दाबाखालीच होतं. मी काढलं, उघडलं, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात, येशू अजून लहान आहे तिथेच, तुझ्या चिमण्या. पाच वर्षांचा पोरगा, पावसानंतरचा ओढा, बारा चिमण्या, कोणीतरी जाऊन योसेफाकडे चुगली करतो, टाळी, भुर्र. सगळं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि पायाला मुंग्या आल्या.

तुमच्या आवृत्तीत नसेल, या जुनीत आहे. आजी काय उगाच सांगेल? आता त्या सभेत छातीठोकपणे सांग, लूक, दुसरा अध्याय.

इथे पुठ्ठ्याला लावायची खळ इतकी छान वासाची असते की परवा मांजर येऊन चाटून गेलं.

तुझीच भिंगरी

१७ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र तीनदा वाचलं. आनंद झाला हे आधी लिहिते, कारण पुढे शंका लिहिणार आहे.

लूकचा दुसरा अध्याय मला पाठ आहे. बाळ वाढतं, बळकट होतं, आणि मग एकदम बारा वर्षांचं होऊन देवळात गुरुजनांना प्रश्न विचारतं. मधलं काही नाही. आता हेही खरं, की नव्या आवृत्त्यांत काही वचनं कंसात टाकलेली असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘काही जुन्या प्रतींत हे नाही’. म्हणजे प्रती वेगवेगळ्या असतात. मग एखाद्या प्रतीत जास्तही असू शकेल. असेल का? मला हवंय म्हणून मी असं म्हणतेय का, तेही कळत नाही.

तीन गोष्टी बघून कळव. ते खरंच लूकचंच पुस्तक आहे ना? चिमण्यांच्या पुढची पानं वाचलीस का? आणि तिथल्या जाणत्या कोणाला दाखवलंस का?

मावशी

२१ फेब्रुवारी

मावशी, घाईत आहे, आज डिंकाचं काम आहे. लूकचंच आहे, मी स्वतःच्या हाताने शिवलंय. पुढची पानं वाचली. दाखवलं. निर्धास्त जा सभेला.

भिं.

४ मार्च

मावशी,

सभेत बोलली नसशील तर बोलू नकोस. बोलली असशील तर काय करायचं ते मला माहीत नाही.

काल एक प्राध्यापक आले. जाड चष्मा, खांद्याला पिशवी. त्यांचंही एक पुस्तक त्याच आठवड्यात आमच्याकडे शिवायला होतं. ते म्हणाले, माझ्या पुस्तकातली सोळा पानं नाहीत. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं.

सांगते कसं झालं. पुस्तक शिवताना सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, त्यांना फर्मा म्हणतात. त्या दिवशी टेबलावर दोन पुस्तकं सुटी पडली होती. एकाच छापखान्याची, तोच कागद, तीच अक्षरं, वरचे मथळे कसरीने खाल्लेले. एक चार शुभवर्तमानांचं, दुसरं प्राध्यापकांचं. त्यांच्या पुस्तकात शास्त्राबाहेर राहिलेल्या जुन्या गोष्टी आहेत. मी शिंप्याकडे बघत होते की मांजराकडे, आता आठवत नाही, पण त्यांचा एक फर्मा मी लूकमध्ये शिवला. आणि तू विचारलंस तेव्हा माझाच घोटाळा उघडून तुला पुरावा म्हणून पाठवला.

पुढची पानं मी वाचली नव्हती. कोणाला दाखवलंही नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून ठोकून दिलं. वाचली असती तर तिथेच कळलं असतं, कारण फर्म्याच्या शेवटी बारा वर्षांचा येशू देवळात जातो, आणि पान उलटलं की तो परत देवळात जातो. लागोपाठ दोनदा.

मला मार, पण लिही.

भिंगरी

१२ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. मी एक तारखेला बोलले होते.

काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कल्पना येईल. मी उभी राहिले आणि म्हटलं, एका जुन्या छापील प्रतीत, लूकच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट आहे, आणि माझ्या भाचीने ती प्रत स्वतःच्या हाताने शिवली आहे. पंच एकमेकांकडे बघायला लागले. पाळक उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं प्रश्न विचारतील. म्हणाले, “बाई, मला माफ करा, मी उगाच शंका घेतली.” मग आठ तारखेला भर उपासनेत त्यांनी जाहीर केलं, की आपल्या बाईंनी एक दुर्मीळ प्रत शोधून काढली, सवड होताच ती मागवून घेऊ. लोक येऊन हात मिळवत होते. दुसऱ्या दिवशी टपाल आलं.

वर्ग माझ्याकडेच आहे. त्यांना अजून कळलेलं नाही. मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही, पण आज गप्प बसले तर ते खोटंच होईल. ते पत्र घडी घालून मी बटणांच्या डब्यात ठेवलंय आणि तो डबा दिसला की खोलीतून बाहेर जाते.

तुझ्यावर रागावले आहे. किती, ते मोजत बसायला आत्ता वेळ नाही. आधी मला हे सांग, की ती सोळा पानं आहेत काय. कोणी लिहिली, शास्त्राच्या बाहेर का राहिली, वाईट म्हणून फेकून दिली की नुसतीच राहून गेली. मी एकतीस वर्षं मुलांना काय देत होते ते कळल्याशिवाय मला पाळकांसमोर जाता येणार नाही. या वेळी खरोखर विचार. आणि खरोखर वाच.

मावशी

२० मार्च

प्रिय मावशी,

सोळाही पानं वाचली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी पूर्ण वाचलेलं हे पहिलंच काहीतरी असेल. तरी पुस्तक म्हणता येणार नाही, फर्मा म्हण.

मग प्राध्यापकांना गाठलं. मला वाटलं होतं खवळतील. ते म्हणाले, “मुली, एवढ्या शतकांत जे कोणाला जमलं नाही ते तू सुई-दोऱ्याने केलंस. हे पुस्तक शास्त्रात घातलंस.” आणि हसत सुटले. उस्ताद नाही हसले. त्यांनी चार दिवस मला फक्त झाडू दिला.

प्राध्यापकांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं तसं लिहिते. येशूनंतर शंभरेक वर्षांनी, कदाचित आणखी थोड्या उशिरा, कोणीतरी हे बाळपणाचं पुस्तक लिहिलं. कोणी ते माहीत नाही. नाव लावलंय प्रेषित थोमाचं, कारण मोठ्या माणसाचं नाव लावलं की लोक वाचतात. लिहायला कारण काय, तर तू म्हणालीस तेच. लूक बाळावरून एकदम बारा वर्षांवर उडी मारतो. मध्ये मोकळी जागा. आता मोकळी जागा दिसली की माणसाला राहवतं का? लोकांना वाटलं, आमच्या पोरासारखाच तोही ओढ्यावर खेळला असेल ना. शेवटचा देवळाचा प्रसंग तर लूकमधूनच उचललाय. म्हणजे हे पुस्तक लूकच्या घराला मागून काढलेली पडवी आहे. पडवीशिवाय घर उभं राहतं, घराशिवाय पडवी नाही.

मी विचारलं, “मग हे आत, ते बाहेर, हे ठरवलं कोणी?” मला वाटलं होतं एखादी मोठी सभा भरली असेल, हात वर झाले असतील, तुमच्या पंचांसारखं. तसं काही झालं नाही म्हणे. सगळं हाताने लिहिलेलं. प्रत्येक मंडळीकडे आपापला गठ्ठा. कोणाकडे एक पत्र जास्त, कोणाकडे एक पुस्तक कमी. एकमेकांना विचारायचे, हे प्रेषितांच्या काळापासूनचं आहे का, तुमच्याकडेही वाचतात का, बाकीच्यांशी जुळतं का. असं करत करत तीनशे वर्षं गेली. मग इसवी सन ३६७ मध्ये एका बिशपाने आपल्या मंडळ्यांना दर वर्षीचं पत्र लिहिलं, आणि त्यात सत्तावीस पुस्तकांची यादी दिली. नव्या करारात आज आहेत तीच सत्तावीस. पत्रात, मावशी. आपल्यासारखंच.

त्याच पत्रात तो म्हणतो की आणखी काही पुस्तकं यादीत नाहीत, पण नव्याने आलेल्यांना वाचायला चांगली. मी लगेच विचारलं, “चिमण्या त्यात असतील ना?” प्राध्यापक म्हणाले, नाही. तिसरा गठ्ठा आहे, दूर ठेवा असा. चिमण्यांचं पुस्तक त्या जातीचं. तुला बरं वाटावं म्हणून हे बदलून लिहिणार होते, लिहिलं नाही.

आणि का दूर ठेवलं, तेही आता कळलं. चिमण्यांच्या लगेच पुढे एक मुलगा येशूने केलेली डबकी काडीने मोडतो, तर येशू त्याला शाप देतो आणि तो मुलगा झाडासारखा वाळून जातो. दुसरा एक पळताना खांद्याला धडकतो, तो जागीच मरतो. त्यांचे आईबाप तक्रार करायला येतात, तर ते आंधळे होतात. पुढे सगळे बरे होतात असं आहे, पण मधली पानं मी परत उघडणार नाही. असला पोरगा आमच्या गल्लीत असता तर मी दुसरीकडे खोली घेतली असती. हा तो नाहीच, ज्याच्याबद्दल तू सांगायचीस.

म्हणजे बघ. आजीने, किंवा आजीला सांगणाऱ्या कोणीतरी, या सोळा पानांतून एकच पान उचललं आणि बाकीची पंधरा तिथेच ठेवली. कोणी सांगितलं होतं तिला असं निवडायला?

आता दोन गोष्टी. एक, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर गव्हाणीचं चित्र आहे ना, बाळाशेजारी बैल आणि गाढव? ते लूकमध्ये नाहीत. गव्हाण आहे, जनावरं नाहीत. यशयाच्या पहिल्या अध्यायात बैल-गाढवाचं एक वचन आहे, त्यावरून पुढे कोणीतरी शास्त्राबाहेरच्याच दुसऱ्या एका पुस्तकात त्यांना गव्हाणीपाशी आणून बांधलं. पाळकांनी फार ताणलं तर म्हणावं, आधी तो बैल सोडा.

दुसरी गोष्ट लिहायला नको, पण लिहिते. ते पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. मी फर्मा उसवलेला नाही. प्राध्यापकांकडून पंधरा दिवस मागून घेतलेत. तुझ्या पाळकांना प्रत बघायचीच असेल तर प्रत आहे, चिमण्या आहेत, लूक आहे, आणि जोड मलासुद्धा दिसत नाही. तू म्हणशील तसं.

भिंगरी

२६ मार्च

उसव.

मावशी

२७ एप्रिल, सोमवार

भिंगरे,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते घडायचं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी पाळकांकडे गेले. दोन्ही पत्रं, घोटाळ्याचं आणि लांबलचक, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली. तुझ्या शिंप्याजवळ आणि मांजराजवळ थांबले, पण हसले नाहीत. मग पत्रं घडी घालून मला परत दिली. म्हणाले, “बाई, तुम्ही मला फसवलं नाहीत. पण मी लोकांसमोर जाहीर केलंय. म्हणजे आता दोघांनाही उभं राहावं लागेल.” मी म्हटलं, तुम्ही बसा, चूक माझी. ते म्हणाले, “मी प्रत न बघता माफी मागितली, ती चूक माझी.” बैलाचं मी काढलं नाही. तो डाव तुझा, मला शोभला नसता. पण निघताना त्यांनीच विचारलं, “ते बैलाचं खरं का हो?” पत्रात वाचलं होतं ना त्यांनी. मी म्हटलं, लूक काढून बघा. त्यांनी तिथेच बघितला. “अरेच्चा,” म्हणाले. मग मात्र आम्ही दोघंही हसलो.

बारा तारखेला पंच बसले. एक घड्याळजी आहेत, सगळ्यांची घड्याळं त्यांच्याकडे दुरुस्तीला जातात आणि सगळ्यांना ते उशीर झाला म्हणून बोलतात. ते म्हणाले, “एकतीस वर्षं चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मी भिंतीवर ठेवणार नाही.” बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, गोष्ट चुकीची नव्हती, तिच्यावर मी नाव चुकीचं लावलं होतं. ती शास्त्र नाही. त्या पुस्तकातली बाकीची पानं बघितली तर बाहेर ठेवणाऱ्यांनी शहाणपणाच केला. पण मुलांना मी हे कधी सांगितलंच नाही, की आपल्या शास्त्राच्या भोवती लोकांनी आणखी काय काय लिहिलं, आणि आपल्या लोकांनी त्यातून कसं निवडलं. तेवढं सांगायची एक संधी द्या, मग वर्ग काढून घ्या. पाळक म्हणाले, त्या दिवशी मी मागे बसतो. घड्याळजी म्हणाले, “एकच रविवार.”

तो काल झाला.

मी उभी राहिले आणि म्हटलं, मुलांनो, चिमण्यांची गोष्ट पवित्र शास्त्रात नाही. मी तुम्हाला इतके दिवस आहे असं सांगितलं, ते चुकलं. टेबल धरलं होतं. दोन वेण्यांची एक आहे पुढच्या बाकावर, तिने विचारलं, “मग ती खोटी आहे का?” मी म्हटलं, कोणीतरी येशूवरच्या प्रेमाने रचलेली आहे. “कोणी?” मी म्हटलं, मला माहीत नाही.

भिंगरे, या वर्गात हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले. छत कोसळलं नाही. मागून एकाने विचारलं, “लूकला माहीत होती का ही गोष्ट?” म्हटलं, नसावी, ती त्याच्यानंतरची. “मग लूकने मधली वर्षं का नाही लिहिली?” मी पाळकांकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली, माहीत नाही. मग सगळेच सुटले. तुम्हाला कोणी सांगितलं बाई, तिला कोणी सांगितलं, पुस्तकं निवडताना भांडणं झाली का, एखादं चुकून हरवलं असेल तर. आजवर मी विचारायची आणि मुलं वचन म्हणून दाखवायची. काल मला बसायला मिळालं नाही. आईबाप दाराशी येऊन ताटकळले, मग कंटाळून आत आले. जागा पुरेना. एका मुलाचे वडील खिडकीत बसले.

घड्याळजी दारात उभे होते. मला वाटलं, वेळ झाली म्हणून सांगायला आलेत. ते बाहेर गेले आणि उपासनेच्या दालनातून एक बाक एकटेच ओढत घेऊन आले, आवाज करत. तो भिंतीला लावला आणि त्यावर बसले. मग म्हणाले, “बाई, ते पत्र लिहिणारा बिशप, त्याच्या यादीवर सगळे लगेच गप्प बसले का?”

मी म्हटलं, ते पुढच्या रविवारी विचारून सांगते. भाचीला लिहायला हवं.

तर विचार आणि कळव. शनिवारपर्यंत.

तुझी मावशी